करवंटीची होडी आणि दिवसाचा चांदोबा

एक होती मुंगी. नाव तिचं ठुमी. राहायची घाटावर, बाजरीच्या शेतात. सुट्टीत आली कोकणात, मावशीकडे. संगती दोघं. एक गोगलगाय, हळूबाई. एक नाकतोडा, टांगेराव.

समुद्र कुणीच पाहिला नव्हता. आणि उद्या तर घरी जायचं होतं.

मग काय, तिघं बसले करवंटीत. करवंटीची झाली होडी. खाडीतून निघाली. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक.

काठावर दिसली करवंदं. काळीभोर. होडी काठाला लावली, नि तिघं गेले खायला. घाटावरची नदी जिथं असते तिथंच असते. यांना वाटलं, खाडीचंही तसंच.

पोट भरलं. परत आले. बघतात तर पाणीच नाही. ओहोटी लागली होती. होडी बसली चिखलात. चप्प.

हळूबाई म्हणाली, "मी जाते, कुणाला तरी बोलावते."

टांगेराव म्हणाला, "बाई, तुम्ही पोचेपर्यंत माझ्या मिशा पिकतील."

"मग तुम्ही जा."

"मी उडी मारली की रुतलोच."

"मीच जाते," ठुमी म्हणाली. ती हलकी. ती रुतत नाही.

तुरुतुरु, तुरुतुरु. बिळात होता खेकडा.

"खेकडेदादा, खेकडेदादा,
होडी निघेना,
समुद्र दिसेना.
होडी ओढता का?"

"दारात बगळा उभा आहे. बगळा हलला तर ओढीन. नाहीतर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. बगळा एका पायावर उभा. ठोंब.

"बगळोबा, बगळोबा,
खेकडा ओढेना,
होडी निघेना,
समुद्र दिसेना.
जरा हलता का?"

"सकाळपासून उपाशी आहे. मासोळी आली तर हलेन. नाहीतर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. डबक्यात होती मासोळी.

"मासोळीताई, मासोळीताई,
बगळा हलेना,
खेकडा ओढेना,
होडी निघेना,
समुद्र दिसेना.
जरा येता का?"

"कोरड्यात कशी येऊ, वेडे? खाडी भरली तर येईन. नाहीतर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. खाडी झाली होती दोऱ्याएवढी.

"खाडीमावशी, खाडीमावशी,
मासोळी येईना,
बगळा हलेना,
खेकडा ओढेना,
होडी निघेना,
समुद्र दिसेना.
जरा भरता का?"

"मी माझ्या मनानं भरत नाही गं. चांदोबानं बोलावलं तर भरेन. नाहीतर नाही."

चांदोबा? भरदुपारी?

ठुमी वाळूवर उताणी पडली. सहाही पाय वर. आणि बघते तर खरंच. निळ्या निळ्या आभाळात चांदोबा. पांढरा, पातळ, अर्ध्या घावनासारखा.

"चांदोबा, चांदोबा,
खाडी भरेना,
मासोळी येईना,
बगळा हलेना,
खेकडा ओढेना,
होडी निघेना,
समुद्र दिसेना.
खाडीला बोलावता का?"

चांदोबा हळू आवाजात म्हणाला, "रात्री मला सगळे बघतात. मला दाखवून आया घास भरवतात. दिवसाही मी असतो, पण मान वर कोण करतं? मला कुणी नीट बघितलं तर बोलावीन. नाहीतर नाही."

ठुमी बघायला लागली. बघितलं, बघितलं. चांदोबावर डाग होते. डागांच्या कडा होत्या. मागचं आभाळ त्याच्यातून झिरपत होतं. एवढा मोठा, आणि कशाला टांगलेला नाही. ठुमीचे पाय हलायचे थांबले. ती होडी विसरली. करवंदं विसरली. नुसती बघत राहिली.

"पुरे गं," चांदोबा म्हणाला. "मला लाज वाटते."

आणि त्यानं बोलावलं. आवाज काही झाला नाही. पण झुळझुळ, झुळझुळ...

चांदोबानं बोलावलं, खाडी भरली.
खाडी भरली, मासोळी आली.
मासोळी आली, बगळा हलला. झेपावला, पण मासोळी बुडुक.
बगळा हलला, खेकडा आला.
खेकड्यानं ओढली, होडी निघाली.

चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. खाडी वळली. डोंगर सरला.

आणि समोर समुद्र.

इकडं पाणी. तिकडं पाणी. पुढं पाणी, त्याच्याही पुढं पाणी. हळूबाईनं शिंगं लांब लांब केली, तरी पलीकडचा काठ दिसेना. टांगेराव करवंटीच्या काठावर चढला, तरी दिसेना. एक लाट आली. होडीला अलगद वर उचललं, अलगद खाली ठेवलं.

ठुमीनं हळूच विचारलं, "तुम्ही एवढे सगळे रोज इथंच असता?"

"हो," समुद्र म्हणाला.

"आणि आम्ही बाजरीत बसलो होतो," ठुमी म्हणाली.

होडी राहिली तिकडं, गोष्ट आली इकडं.