डाव्या चाकाची कड

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या मोटारीला विचित्र रोग जडला. चारांपैकी तीन चाके धडधाकट होती. पण डाव्या हाताच्या पुढच्या चाकाचा टायर बाहेरच्या कडेने असा झिजे, की कोणी रोज येऊन त्यावर कानस चालवीत असावे. नवा टायर घातला, की दिवाळी ते होळी एवढ्यात त्याची कड गुळगुळीत होऊन जाई. व्यापारी स्वभावाने मानी, नाकावर माशी बसू न देणारा. त्याने टायर विकणाऱ्याला नावे ठेवली, मग रस्त्याला ठेवली, आणि ठेवायला आणखी कोणी उरले नाही तेव्हा तो वस्तादांच्या दारी येऊन उभा राहिला.

वस्ताद म्हणजे त्या नदीकाठच्या गावातले एक वृद्ध कारागीर. मोटारीची चाके एका दिशेला लावून देणे, म्हणजे ज्याला सगळे अलाइनमेंट म्हणतात ते, हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. चाक किंचित आत वा बाहेर तोंड करून बसले, की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो, एवढे आपल्यालाही ठाऊक असते. आता वय झाल्यामुळे यंत्रावरचे काम त्यांचा शिष्य हणमंत करी. हा दोन लेकरांचा बाप, हाताचा चोख आणि यंत्रावर पूर्ण विश्वास असलेला माणूस होता. वस्तादांचाही यंत्रावर विश्वास होता, हे इथेच सांगून टाकलेले बरे. नाहीतर आपल्या लोकांना लगेच वाटते, की आता यंत्राची फजिती होणार.

हणमंताने गाडी यंत्रावर चढवली, थोडा फरक होता तो काढला आणि गाडी परत दिली. काही महिन्यांनी व्यापारी तोच झिजलेला टायर दाखवायला हजर. पुन्हा तपासणी झाली, पुन्हा नवा टायर बसला. व्यापारी तिसऱ्यांदा आला तेव्हा हणमंताचा चेहरा उतरला. यंत्र सांगत होते, की चाके सरळ आहेत. खालचे सांधे त्याने हलवून पाहिले, एकही ढिला नव्हता. घोडे कुठे पेंड खाते आहे, हेच त्याला समजेना. त्याने विचारले, शेठ, गाडी कुठे कुठे जाते? व्यापाऱ्याने उत्तर दिले, की दुकान ते घर आणि घर ते दुकान, आणखी कुठे जाणार?

हे उत्तर खोटे होते, आणि ते का खोटे होते, हे सांगायचे तर आठ वर्षे मागे जायला हवे.

व्यापाऱ्याला एक थोरली बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवले, त्याच्या डोक्याला तेल लावले, त्याच्यासाठी वडिलांचा मार चुकवला. तो तिला अक्का म्हणे. तिच्या मुलीचे, सुमेधाचे, लग्न ठरले. आपल्याकडे लग्नाची पहिली अक्षत देवाला, आणि मग बहिणीने स्वतः भावाच्या घरी जाऊन, पाटावर बसवून, मामाला अक्षत द्यायची. कारण नवरीला बोहल्यावर आणायचे ते मामाने. पण त्या दिवसांत अक्काचे यजमान अंथरुणाला खिळलेले. ती घराबाहेर पडू शकली नाही. तिने नणंदेच्या मुलाबरोबर पत्रिका आणि अक्षता पाठवल्या, आणि त्या मुलाने त्या दुकानात गल्ल्यावर ठेवल्या व तो घाईने निघून गेला. झाले. मामा रुसले.

रुसलेल्या मामाला समजावून आणणे हाही लग्नातला एक विधीच आहे. लग्नाच्या सकाळी व्यापारी फेटा बांधून, नवे धोतर नेसून, ओसरीवर बसून राहिला. कोणीतरी दोन माणसे येतील, हात धरतील, मग आपण थोडे आढेवेढे घेऊ आणि उठू, असा त्याचा हिशेब होता. पण आजारी माणूस, वाट पाहणारे वऱ्हाड आणि टळत चाललेला मुहूर्त यांत तिकडे कोणालाही उसंत नव्हती. कार्यालय दोन गल्ल्या पलीकडेच होते. मंगलाष्टके सुरू झालेली त्याला घरबसल्या ऐकू आली. शेवटच्या अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि त्याने स्वतःच्या हाताने फेटा सोडला. नवरीमागे एक लांबचा चुलतमामा उभा राहिला होता, असे त्याला नंतर कळले.

पुढे अक्काचे यजमान वारले. तेव्हा तो गेला, पण स्मशानातूनच परतला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. मधल्या वर्षांत कधीतरी राग विझला आणि नुसती हुरहुर उरली. अक्का गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोल चौकावरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर एकटी राहायला आली होती. दुकान बंद करून व्यापारी रोज तिकडे जाई. चौकाच्या मधल्या बागेला वळसा घालताना गॅलरीतला दिवा दिसे. आज थांबू, असे म्हणता म्हणता जिना मागे पडे. मग पुन्हा वळसा, पुन्हा दिवा, पुन्हा जिना. या तळ्यात-मळ्यात संध्याकाळ निघून जाई, आणि घरी गेल्यावर तो बायकोला सांगे, की आज गिऱ्हाईक फार होते. बायकोला सगळे कळत होते, पण तीही मानी माणसाच्या घरात नांदून शहाणी झालेली होती.

आणि आता या महिन्यात त्याच्या कानावर आले होते, की अक्का कायमची सुमेधाकडे नागपूरला चालली आहे. जागा सोडत असल्याचे मालकाला कळवले, सामानाची गाडी रविवारी येणार. तेव्हापासून त्याचे वळसे वाढले होते. जेवण जात नव्हते. ती गेल्यावर आपण कोणत्या दिव्याकडे बघायचे, हा विचार त्याला दुकानात पातेल्यांच्या राशीमागे बसल्या बसल्या रडवू लागला होता. पण बोलावल्याशिवाय जायचे कसे?

अशा अवस्थेत तो तिसऱ्यांदा वस्तादांकडे आला होता. वस्ताद चष्मा पुसत उठले. त्यांनी त्या टायरच्या कडेवरून तळवा फिरवला, उजव्या चाकावरून फिरवला, मागच्या दोन्ही चाकांवरून फिरवला. हणमंत गाडी यंत्रावर घेऊ लागला, तर त्यांनी त्याला थांबवले आणि म्हणाले, की राहू दे, आपण शेठबरोबर जरा फिरून येऊ. स्वतः पुढे बसले, हणमंत हत्यारांची पेटी घेऊन मागे बसला. रोज जाता त्या वाटेने न्या, असे त्यांनी व्यापाऱ्याला सांगितले.

व्यापाऱ्याने गाडी दुकानावर नेली आणि तिथून सरळ घराकडे वळवली. घर दिसू लागले तेव्हा वस्ताद म्हणाले, "ही झाली सांगायची वाट. आता रोजची दाखवा."

व्यापाऱ्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटले, सांगावे, उतरा खाली, तुमचे काम तुम्ही करा. पण दिवस बुधवार होता, रविवार जवळ आला होता, आणि हात आपोआपच चौकाच्या दिशेला वळले. दिवेलागणीची वेळ होती. बागेभोवती एक वळसा झाला. गॅलरीत दिवा होता. दुसरा वळसा झाला. जिन्यापाशी गाडी सवयीने मंदावली, तेव्हा वस्ताद म्हणाले, जरा बाजूला घ्या, चाक बघतो.

गाडी थांबली. वस्ताद उतरले, त्या डाव्या चाकापाशी वाकले, हवा भरायच्या नळीवरची टोपी त्यांनी काढली, आतली पिन फिरवली, आणि चाकातली सगळी हवा फुस्स करून सोडून दिली. झिजका टायर रस्त्यावर बसला.

व्यापारी संतापून खाली उतरला. म्हातारपणी वस्तादांना भ्रम झाला काय, असे तो बरेच काही बोलला. हणमंतही गोंधळला होता. त्याने हळूच विचारले, की वस्ताद, टायर झिजू नये म्हणून आपण आलो, आणि तुम्ही तर गाडीच बसवलीत?

वस्ताद गाडीला टेकून उभे राहिले. मामाच्या रुसव्याची गोष्ट गावभर झालेली होती, ती त्यांच्याही कानावर होती. ते हणमंताकडे बघून बोलले, पण ऐकायचे कोणी हे तिघांनाही समजत होते.

"तुझं काम चोख होतं आणि यंत्रही खरं बोलत होतं. चाकं सरळच आहेत. पण गाडी सारखी उजवीकडे वळत राहिली, तर सगळा भार डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो. कड बघूनच मला कळलं, की ही गाडी कशाभोवती तरी फिरते आहे. हणमंता, चालून चाक झिजलं तर वाईट वाटून घेऊ नये, ते त्यासाठीच असतं. पण तोंड एकीकडे आणि नेणं दुसरीकडे, असं झालं की चाक चालत नाही, फरफटतं. शेठना जायचं आहे या जिन्यानं वर, आणि ते गाडी नेतात बागेभोवती. याला कुठलं यंत्र पुरं पडणार? म्हणून थांबवली."

व्यापाऱ्याचा संताप कुठल्या कुठे गेला. आठ वर्षांत हे कोणी त्याच्या तोंडावर बोलले नव्हते. त्याचे डोळे गॅलरीकडे गेले आणि लगेच खाली वळले. तो पुटपुटला, "पण वर मला बोलावलंय कोणी?"

"गाडी बसलेल्या माणसाला तांब्याभर पाणी मागायला अक्षत लागत नाही," वस्ताद म्हणाले.

मग त्यांनी हणमंताला स्टेपनी काढायला सांगितली, आणि सावकाश बदल, घाई नाही, असेही सांगितले. स्वतः बागेच्या कठड्यावर जाऊन बसले. त्यांनी व्यापाऱ्याकडे पुन्हा पाहिले नाही. याला मी मोठेपणा म्हणतो. उपदेश पुष्कळांना करता येतो, पण तो करून झाल्यावर पाठ फिरवून बसणे फार थोड्यांना साधते.

व्यापारी जिना चढला. आयुष्यात तो दुकानासाठी पुष्कळ माळे चढला असेल, पण या पायऱ्यांवर त्याला दम लागला. घंटी वाजवायला हात उचलला, तोच दार उघडले. अक्का समोर उभी होती. केस पार पांढरे झालेले, चष्म्याची काच जाड झालेली. त्याला म्हणायचे होते पाणी. तो दारातच उभा राहिला.

"देवळालासुद्धा कधी एवढ्या प्रदक्षिणा घातल्या नसशील," ती म्हणाली. "ये."

तो आत आला. खोलीभर बांधलेली गाठोडी आणि खोकी होती. बसायला जागा नव्हती म्हणून तो एका गादीच्या वळकटीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. अक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, की तुला दिसत होतो, तर एकदा हाक का मारली नाहीस?

"एकदा अक्षत द्यायला चुकले," अक्का म्हणाली. "हाक मारली आणि तू आला नाहीस, तर मग मी काय धरून राहायचं होतं? गाडी तरी रोज दिसत होती."

आपला मान आपण एकटेच सांभाळत होतो अशी त्याची समजूत होती. तिची भीतीही याच चौकाभोवती रोज फिरत होती, हे त्याला आज कळले. रविवार मात्र रविवारीच येणार होता. आठ वर्षांपैकी आता चार दिवस उरले होते.

अक्का चहा टाकायला आत गेली. तिच्या पाठोपाठ तोही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. भांड्यांच्या व्यापाऱ्याची नजर जायची तिथेच गेली. फडताळ रिकामे होते. ताटे, वाट्या, पातेली, डबे, सगळे कागदात गुंडाळून खोक्यांत गेले होते. ओट्यावर चहाचे एक भांडे तेवढे बाहेर ठेवलेले होते, आणि कप होते दोन.

अक्का एकटी राहत होती. आत जाऊन त्याने त्यातला एक कप विसळला आणि तिच्यापुढे धरला.