स्टँडवरची हातभर पाटी

एका तालुक्याच्या गावात गेनबा नावाचा दुकानदार होता. बांबू, मडकं, पांढरं कापड असं मयताचं सामान विकायचा. दुकान बोळाच्या पार टोकाला. म्हणून त्यानं एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर हातभर पाटी लावली होती: ‘मयताचे सामान. बोळात आत, डावीकडे.’ ज्याच्या घरचं माणूस गेलंय, त्याला दारोदार विचारत फिरावं लागू नये, एवढाच तिचा उपयोग.

एक दिवस नगरपालिकेनं ठराव केला. गावाची शोभा जाते, सबब दुकानदारांनी रस्त्यावरच्या पाट्या उतरवाव्यात. चष्मेवाल्याची उतरली. बाळंतिणींना मालिश करणाऱ्या शेवंताबाईची उतरली. गेनबाचीही उतरली. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स मात्र तसेच राहिले. त्या जाहिराती नव्हेत म्हणे! आता कोण वाद घालणार?

गेनबा अर्ज घेऊन गेला. एकदा नाही, सहा वेळा गेला. शेवटी कारकून वैतागून म्हणाला, “अहो, बाकीचे दुकानदार बघा. नगराध्यक्षांच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून नाव टाकतात, खाली दुकानाचा पत्ता देतात. तुम्हीही टाका की!”

गेनबानं विचारलं, “वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माझं दुकान चालेल?”

कारकुनानं अर्ज फायलीत ठेवला.

गिऱ्हाईक येईना. परगावचे लोक दुकान सापडत नाही म्हणून शेजारच्या गावाहून सामान आणू लागले. गेनबा थकला. घर तर चालवायला हवं. त्यानं दुकानातले सगळे बांबू फ्लेक्सवाल्याला विकून टाकले आणि महिनाअखेरीस दुकान बंद करायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात नगराध्यक्ष रावसाहेबांचे वडील वारले. सामान आणायला परगावचे जावई निघाले. तासभर फिरले. कोपऱ्याकोपऱ्यावर हात जोडून हसणारे रावसाहेबच भेटत होते, दुकान काही दिसेना. ऊन चढू लागलं. घरी माणसं खोळंबली. शेवटी रावसाहेब स्वतःच अनवाणी बोळात आले.

“गेनबा, बांबू द्या.”

“मडकं आहे, कापड आहे. बांबू नाहीत, साहेब. तुमच्या फ्लेक्सला गेले.”

रावसाहेब तसेच मागे फिरले. कोपऱ्यावर गेले, आपलाच हसरा चेहरा आपल्याच हातानं खाली ओढला आणि बांबू सोडवले. गेनबानं त्याच बांबूंची तिरडी बांधली. बांधताना त्याचे डोळे भरून आले. म्हातारा फार चांगला होता हो.

तेरावं झाल्यावर रावसाहेबांनी गेनबाला बोलावलं. म्हणाले, “तुमच्या पाटीला परवानगी दिली. फक्त तुमच्या.”

 गेनबा म्हणाला, “साहेब, माझ्याकडे माणूस सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी त्याला शेवंताबाई लागते, चष्मेवाला लागतो. त्यांच्या पाट्या लागू द्या, मग माझी लावीन.”

 रावसाहेबांनी ठरावाचा कागद मागवला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

तात्पर्य: गावाच्या शोभेपायी गरजवंताची वाट पुसू नये, एक दिवस तीच वाट आपल्यालाही शोधावी लागते.