नाव नसलेली बरणी

आमच्या शियावान गावात व्यापाऱ्याला हवा तितका चहा मिळतो, मिळत नाही ती फक्त चुलीमागची मातीची बरणी. चीनमधल्या फूच्येनच्या या डोंगरात घरोघरी अशी एक असते. दुप्पट भाव देऊन पाहा, घरधनीण तुम्हाला हसून चहा पाजेल, पण दुसऱ्या बरणीतला.

ही रीत श्यूमेईपासून पडली, असं सांगतात. तिचा नवरा मिठाच्या गलबतावर निघाला तेव्हा म्हणाला, "यंदाचा चहा मी परत आल्यावर मिळून पिऊ." तिने पांढऱ्या लवेचे कोवळे कोंब खुडले, सुपांत पसरून वाऱ्यावर सुकवले आणि शेवटी निखाऱ्यांची मंद ऊब दिली. कढईत भाजणं नाही, हाताने मळणं नाही. हात आवरणं हेच पांढऱ्या चहाचं कसब, पण तिच्या थोरल्या जावेला ते कुठलं पटायला! "आळशीणबाईचा चहा," असं ती गावभर सांगत सुटली. श्यूमेईने मात्र तो चहा बरणीत भरून वर मेण लावलं आणि शपथ घेतली, की नवरा आल्याशिवाय ही उघडायची नाही.

सात वर्षं गलबत आलं नाही. मग त्याच जावेच्या मुलीला ताप भरला आणि काही केल्या उतरेना. वैद्य म्हणाला, जुना मुरलेला पांढरा चहा मिळाला तर पोर वाचेल. तसा चहा साऱ्या गावात एकाच घरी होता.

जाऊ उंबऱ्यापाशी उभी राहिली. "मागायला तोंड नाही गं मला."

श्यूमेई बराच वेळ बरणीवर हात ठेवून बसली. "ही उघडली, की तो येणार नाही हे मला मान्य करावं लागेल," ती म्हणाली आणि रडत रडत तिनेच मेण खरवडलं. चांदीसारखे कोंब तपकिरी झाले होते. उकळल्यावर चहाला लालसर रंग आला आणि वाळल्या खजुराचा वास सुटला. पहाटेपर्यंत मुलीला दरदरून घाम फुटला, म्हणे, आणि तिने भात मागितला.

त्याच वसंतात श्यूमेईने नवी बरणी भरली. या खेपेला सुपं उचलायला जाऊही होती.

आजही आम्ही दर वसंतात बरणी भरतो आणि ती कुणाच्याही नावाची नसते. घरात आलेली नवी सून पहिल्या वर्षी हमखास विचारते, "ही कुणासाठी?"

सासू मेण लावता लावता सांगते, "अजून कळलं नाही. दार वाजलं, की दे."