दवंडीवाल्याची हाक आणि तांबू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून बसायला जागा शोधत होते आणि कुत्र्यांना बोलता येत असे. पण कुत्री कामापुरतंच बोलत. उरलेली बडबड त्यांनी माणसांवर सोपवली होती.

त्या काळी एका डोंगराळ राज्यात एक दवंडीवाला राहायचा. त्याचा आवाज असा, की इथे त्याने आरोळी ठोकली की पलीकडच्या गावातलं दूध फाटायचं. पाळण्यातली पोरं उठून बसायची आणि ठार बहिरे म्हातारे "जरा हळू की रे" म्हणून कुरकुरायचे. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, यात वाढवून सांगितलेलं काही असेल तर ते दुधाचं. म्हाताऱ्यांचं अगदी खरं आहे.

त्याच्या हाकेसरशी सगळं गाव गोळा व्हायचं. येत नसे तो एकटा तांबू. तांबू म्हणजे त्याचं कुत्रं, तांबूस रंगाचं, अजून वर्षाचंही न झालेलं. त्याची आई मेली तेव्हा दवंडीवाल्याच्या बायकोने शेळीच्या दुधाचा बोळा तोंडात पिळून त्याला जगवलं होतं. त्या घरात मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते तांबूच.

शरद ऋतू लागला. पाऊस उघडला, ओढे निवळले, डोंगरमाथे सोनकीच्या फुलांनी पिवळेधमक झाले. दरवर्षी या दिवसांत दवंडीवाला राजाचे निरोप घेऊन डोंगरावरच्या वस्त्यांना पायी जात असे. वाटेवर कंबरभर गवत, गवतात साप आणि बिबटे. सोबत कुत्रं हवंच. जुनं कुत्रं म्हातारपणाने गेलं होतं, तेव्हा यंदा तांबूलाच डोंगर शिकवायचा असं त्याने ठरवलं.

बायको म्हणाली, "अहो, तो अंगणात तुमच्या हाकेला येत नाही. डोंगरावर कसा येईल?"

"तिथे माझा आवाज घुमतो," तो ऐटीत म्हणाला.

"त्याला काही झालं, तर तो घुमणारा आवाज मला ऐकवायला येऊ नका." एवढं बोलून तिने भाकऱ्या बांधून दिल्या.

तर शिक्षण सुरू झालं. डोंगर चढला की दवंडीवाला तांबूला मोकळं सोडी. तांबू फुलपाखरांमागे धावे, चिखलात लोळे, एकेका दगडाची चौकशी करून येई. वस्ती जवळ आली की दवंडीवाला "ये" म्हणून गरजे आणि कमरेची दोरी सोडी, कारण वस्तीवरची कुत्री परक्या कुत्र्याची खैर ठेवत नसत. तांबू लांबूनच बघत उभा राही. मग गवतातून पाठशिवणी, काट्यांतून धडपड. शेवटी मानगूट हातात आली की दवंडीवाला त्याला बांधी, वर चार शब्द सुनावी आणि मनाशी म्हणे, शिकेल हळूहळू. शिकत तर तो होताच. काय शिकत होता, हे मात्र गुरुजींना ठाऊक नव्हतं.

वस्त्यांवर चेष्टा व्हायची ती निराळीच. एका पाटलीणबाईंनी तर तोंडावर विचारलं, की एवढंसं कुत्रं ज्याला मोजत नाही त्याचे निरोप आम्ही का म्हणून मोजावेत? दवंडीवाला हसला, पण ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने आवाज आणखी चढवला.

एका दुपारी दोघं डोंगराच्या एका उंच सोंडेवर पोहोचले. तिथे गवत कड्याच्याही बाहेर लोंबत होतं. जमीन कुठे संपते आणि दरी कुठे सुरू होते, काही कळत नव्हतं. तांबू एका टोळाचा पाठलाग करत नेमका त्या बाजूला गेला.

दवंडीवाला जागीच थांबून ओरडला, "तांबू, ये!"

तांबू थांबला. त्याने धन्याकडे पाहिलं, कमरेच्या दोरीकडे पाहिलं, शेपूट हलवली आणि एक पाऊल मागे सरकला. दवंडीवाल्याने हाक चढवली. तांबू आणखी मागे. हाक समोरच्या डोंगरावर आपटून परत आली, दरीतून वर आली, चहूकडून "ये, ये" होऊ लागलं. तांबूच्या मागच्या पायाखालून मातीचं ढेकूळ सुटलं. ते खाली पडल्याचा आवाज कितीतरी वेळ आलाच नाही.

पुढे धावावं, तर तो पळणार. हाक मारावी, तर तो सरकणार. काय करावं ते न सुचून दवंडीवाल्याने छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि जन्मात दिली नव्हती अशी आरोळी द्यायला तोंड उघडलं. घशात काहीतरी तटकन तुटलं. बाहेर आला तो नुसता वारा.

तो मटकन खाली बसला. पुढचं बघवणार नव्हतं, म्हणून त्याने कड्याकडे पाठ फिरवली आणि तोंड गुडघ्यांत घातलं. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, एवढा एकच विचार डोक्यात फिरत राहिला.

थोड्या वेळाने कोपराला काहीतरी ओलं आणि गार लागलं. ते तांबूचं नाक होतं.

"धनी," तांबू म्हणाला, "रोज हाक मारता आणि बांधता. आज एकदम गप्प झालात, म्हणून आलो. बरं वाटत नाही का?"

दवंडीवाल्याने त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. रडू आलं, हसूही आलं. आवाज कशालाच नव्हता. त्याला उचलून त्याने कड्यापासून चांगलं लांब, सपाटीवर आणलं, अर्धी भाकरी खाऊ घातली. हात सवयीने दोरीकडे गेला. मग तो हात मागे घेऊन त्याने तांबूच्या कानामागे खाजवलं आणि खुणेने सांगितलं, जा, खेळ.

तांबू चक्रावून गेला. असं कधी झालंच नव्हतं.

त्या दिवसापासून दवंडीवाला वाटेत उगाचच हाक मारू लागला. फुटक्या पिपाणीसारखा आवाज, तोही जेमतेम. तांबू आला की भाकरीचा तुकडा, पाठीवर हात आणि पुन्हा मोकळा. कधीतरी वस्ती जवळ आली की बांधायचाही, पण बांधून शेजारी बसायचा आणि आपल्याआधी त्याला जेवू घालायचा. दोरी कुठल्या हाकेत आहे हे तांबूला ओळखता येईना, आणि पुढेपुढे ओळखायची गरजही वाटेना.

परतीच्या वाटेवर एक ओढा लागला. तांबू पुढे धावत जाऊन पाणी पिऊ लागला. वारा पडलेला होता, तरी पलीकडच्या काठाचं गवत हललं. त्यात ठिपके दिसले आणि दोन पिवळे डोळे. बिबट्या दबा धरून बसला होता.

"तांबू, ये," दवंडीवाला म्हणाला. ती हाक हातभर अंतरावरच्या माणसालाही नीट ऐकू गेली नसती.

तांबूने कान टवकारले, जिभेवरचं पाणी तसंच टाकलं आणि बाणासारखा येऊन थेट त्याच्या कुशीत शिरला. बिबट्या उठला, हातातली काठी उगारून उभ्या राहिलेल्या माणसाकडे आणि त्याला बिलगलेल्या कुत्र्याकडे पाहून त्याने नाराजीने शेपूट आपटली आणि तो चढणीला लागला.

तो दिसेनासा झाल्यावर दवंडीवाला एका दगडावर बसला. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी, तसा त्याचा श्वास मोकळा झाला. उरलीसुरली भाकरी त्याने सगळीच तांबूला दिली. दोघं बराच वेळ तिथे उन्हात बसून राहिले, घाई कसलीच नव्हती.

तात्पर्य: ज्याने अडचणीच्या वेळी आपल्या हाकेसरशी धावून यावं असं वाटतं, त्याला एरवीही, त्याच्याकडून काहीच काढून न घेता, मायेने हाक मारत राहावी.