आधी रिकाम्या गोण्या

एकदा एका खाडीकाठच्या बंदरात एक अवजड जहाज मुखापाशीच गाळात रुतले आणि आडवे झाले. माल भरून निघालेली गलबते आतच खोळंबली. जहाजाच्या कडेने एक चिंचोळी वाट तेवढी उरली होती. तीही भरतीच्या वेळीच, आणि दोरांनी ओढत नेल्यास एका भरतीला जेमतेम एक गलबत बाहेर पडेल एवढीच.

त्या बंदराचा रिवाज असा, की वाट अडली तर आधी कोणी जायचे हे सर्वांत वयोवृद्ध नाखव्याने ठरवावे आणि त्यावर कोणी वाद घालू नये. त्या वृद्ध नाखव्याजवळ एक तरुण शिष्य सागरी व्यापार शिकत होता. या खेपेस त्याने प्रथमच स्वतःचा माल भरला होता, विड्याच्या पानांच्या करंड्या. निघताना वडिलांनी बजावले होते, "हा माल फुकट गेला, तर समुद्राचे खूळ सोडायचे आणि मुकाट्याने दुकानाच्या गादीवर येऊन बसायचे." गादीचे नाव काढले तरी त्याचा जीव गुदमरत असे. तरीही तो पाने फिरवीत, पाणी शिंपडीत निर्धास्त बसला होता. माल नाशवंत, आणि निवाडा करणारे तर आपलेच गुरू. मग काळजी कशाची?

भरती चढू लागली. एका व्यापाऱ्याने आपल्या रेशमाची थोरवी गायिली, दुसऱ्याने वेलदोड्याची. नाखव्याने सर्वांचे शांतपणे ऐकून घेतले आणि मागच्या एका कळकट गलबताकडे काठी दाखवली.

"आधी ते."

त्या गलबतात नुसत्या रिकाम्या गोण्या होत्या. रेशमाचा व्यापारी शेजाऱ्याला म्हणाला, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटे नाही." पण रिवाज तो रिवाज. गोण्यांचे गलबत हळूहळू बाहेर पडले.

शिष्याला मात्र राग आवरेना. काळवंडलेली पाने हातात घेऊन तो नाखव्यापुढे उभा राहिला. "नाखवा, गोण्या वर्षभर पडून राहिल्या तरी गोण्याच राहतात. माझी पाने राहतील का?"

"गोण्या राहतील रे, मीठ राहणार नाही," नाखवा म्हणाला. "पलीकडच्या मिठागरांत राशी उघड्यावर आहेत, पाऊस तोंडावर आला आहे, आणि भरायला गोणी नाही. मीठ विरघळले तर घाटावरचे बैलांचे तांडे खाली कशाला उतरतील? ते मीठ न्यायला येतात आणि येताना तांदूळ आणतात. तो तांदूळ आपण खातो. इथे प्रत्येकाने आपल्या गलबतात काय आहे ते सांगितले. पलीकडे त्याच्यासाठी कोण खोळंबले आहे, ते कोणी सांगितले नाही. आणि पोरा, विडा लोक जेवल्यावर खातात."

शिष्य होडीत बसला आणि एकेका गलबतापाशी जाऊन चौकशी करीत राहिला.

पुढच्या भरतीला नाखव्याने काठी उचलली, ती शिष्याच्या गलबताकडे. "आता तुझी पाने."

शिष्याच्या डोळ्यांपुढे गादी उभी राहिली. "नाखवा, कोपऱ्यातल्या गलबतात नांगराचे फाळ आहेत," तो म्हणाला. "पेरणी जवळ आली आहे. आधी फाळ जाऊ द्या."

नाखव्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि काठी कोपऱ्याकडे वळवली.

पाने आता पुढच्या भरतीपर्यंत टिकणार नव्हती. मग शिष्याने करंड्या उघडल्या, धड पाने निवडली आणि अडकलेल्या सर्व गलबतांवरच्या माणसांना वाटून टाकली. रेशमाचा व्यापारीही दोन विडे घेऊन गेला, जरा खाली मान घालूनच.

"वडील आता गादीवर बसवतील मला," शिष्य म्हणाला.

"बस की," नाखवा विडा चघळत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते त्याने लपवले नाही. "मी ज्यासाठी तुला समुद्रावर ठेवून घेतले होते, ते तू आज शिकलास."

शिष्याला गादीचे भय वाटेनासे झाले.

दूरच्या समुद्रात एखादे जहाज अडल्याची बातमी वाचून वर्तमानपत्र मिटण्यापूर्वी आपणही एकदा आपल्या ताटाकडे पाहावे.