बिजलीला दिसणारा माळ

फार पूर्वी, माळाला कुंपणं नव्हती तेव्हा, चांदी शेळीची लेक बिजली सतत ठेचकाळायची. चांदी तिला वेंधळी म्हणायची.

एका सकाळी बिजली "आई, आई" करत झुडपाकडे धावली. तिथे लांडगा होता. चांदीने झेप घेऊन तिला मागे ढकललं. तेवढ्यात धनगराची कुत्री धावून आली, तसा लांडगा पळाला.

"लांडगा दिसला नाही तुला?" चांदीने विचारलं.

"मला तू वाटलीस. लांबचं सगळ्यांना धुरकटच दिसतं ना, आई?"

चांदीने तिला जवळ ओढलं. म्हणाली, "नाही गं बाळा. मीच तुला आधी विचारायला हवं होतं."

तेव्हापासून अख्खा कळप बिजलीजवळ येताना आधी हाक देऊ लागला. मुकाट उभ्या असलेल्याकडे ती कधीच गेली नाही.