वहीतली मथुरा

मिरजेच्या वामनराव आगट्यांनी शुश्रूषा संस्थेला तीनदा फोन केला होता. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या पत्नी मथुराबाईंची कूस संस्थेची बाई बदलतच नव्हती, आणि वामनरावांच्या हातांत तेवढं बळ उरलं नव्हतं. पाठीची जखम चिघळली आणि मथुराबाई गेल्या.

तेरावं उरकल्यावर संस्थेचे व्यवस्थापक खानविलकर सेवेचा दर्जा तपासायला आले. तक्रार ऐकून त्यांनी बाईने लिहिलेली नोंदवही उघडली.

“आजोबा, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद आहे. दुःखात माणसाला भास होतात. आमची वही खोटं बोलत नाही.”

“असेल. नऊ तारखेचं जरा मोठ्याने वाचा.”

“कूस बदलली. पेज घेतली. आजी छान हसल्या.”

“मथुरा सात तारखेला गेली, साहेब.”

खानविलकरांनी पानं उलटली. महिना अजून सरायचा होता, तरी वहीत शेवटच्या तारखेपर्यंत आजी रोज हसत होत्या.

“वही खोटं बोलत नसेल, तर मथुरा तुमच्याकडेच असणार,” वामनराव शांतपणे म्हणाले. “कुठे ठेवलीत तेवढं सांगा. मी तिला आणायला येतो.”

खानविलकरांची मान खाली गेली. त्यांनी तक्रार शब्द न् शब्द लिहून घेतली आणि बाकीच्या रुग्णांची घरं स्वतः बघायला निघाले.

वामनराव दार लावून रिकाम्या खाटेवर बसून राहिले.